वाचकांचे प्रश्न : ‘अर्जावर सही करा, पोराला लावून घेऊ’

या महिन्यात टपालात पोलिसांच्या घरची पत्रं जास्त आलीत, म्हणून एलआयसीचे आणि पीएफचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका. खालच्या पहिल्या पत्राला जरा जागा जास्त दिलीय कारण तीच गोष्ट मला गेल्या दोन वर्षांत चार-पाच जणांनी विचारली आणि दर वेळी अर्ज जाऊन मोकळा झालेला असायचा.

प्रश्न : काका नमस्कार. माझे मिस्टर पोलीस हवालदार आहेत, वय ४४, भरती २००७ ची. आषाढीचा पंढरपूरचा बंदोबस्त संपवून मोटरसायकलवर येताना मोहोळच्या अलीकडं टेम्पोनं मागून उडवलं, उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. साडेचार महिने झाले. आता नकली पाय बसवलाय, काठी घेऊन चालतात. ऑफिसातले एकजण दोनदा घरी येऊन गेले, म्हणतात वहिनी, यांच्याच्यानं आता ड्युटी होणार नाही, मेडिकल रिटायरमेंटचा अर्ज देऊन टाका, पेन्शन सुरू होईल आणि अनुकंपावर पोराला लावून घेऊ. अर्ज टाइप करूनच आणला होता, खाली फक्त सहीची जागा मोकळी. मुलगा बारावीला आहे. मिस्टर म्हणतात करतो सही, रोज उठून लोकांची कीव नको. मला काय सुचंना झालंय. काय करू?
— एक भगिनी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : ताई, सही करू देऊ नका. आणि तो टाइप केलेला कागद फाडूही नका, फाईलला लावून ठेवा. अर्ज कुणाच्या डोक्यातून निघाला ते उद्या दाखवायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

आता कायदा सांगतो. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या कलम २० मध्ये चौथं उपकलम आहे, त्यात सरळ लिहिलंय की नोकरीत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं त्याला सरकारी आस्थापनेनं काढायचं नाही, त्याचा हुद्दाही खाली आणायचा नाही. आधीचं काम जमत नसेल तर दुसऱ्या पदावर घ्यायचं, पगाराची श्रेणी तीच, बाकीचे फायदे तेच. आणि असं कुठलं पद रिकामंच नसेल तर? तर अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांपेक्षा एक जादा पद, तयार करून त्यावर ठेवायचं, योग्य जागा निघेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत, जे आधी येईल तोवर. म्हणजे तुमच्या मिस्टरांना ५८ पर्यंत अजून १४ वर्षं आहेत, ती पूर्ण पगारावर काढता येतात, आणि हे लोक १९ वर्षांच्या सेवेवरच गाडी थांबवायला निघालेत.

‘पोलिसांना तो कायदा लागत नाही वहिनी’ असं तुम्हाला ऐकवतील, ऐकवलंही असेल. कामाचं स्वरूप बघून एखाद्या आस्थापनेला सूट द्यायची मुभा कायद्यात आहे हे खरं, पण त्याला सरकारनं अधिसूचना काढावी लागते, तोंडी सूट नसते. केंद्रानं ऑगस्ट २०२१ मध्ये सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय सशस्त्र दलांच्या लढाऊ पदांना तशी सूट दिलीय, ऑफिसातली मंडळी बऱ्याचदा तीच ऐकीव गोष्ट राज्याच्या पोलिसाला चिकटवतात. कुणी म्हणलं की लागत नाही, तर शांतपणे म्हणा, अधिसूचनेचा नंबर आणि तारीख लेखी द्या.

आणि एक केस मिस्टरांना वाचायला द्या, कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार, सुप्रीम कोर्ट, २००३. हा कुणाल सिंगही शिपाईच, स्पेशल सर्व्हिस ब्युरोचा. ड्युटीवर डाव्या पायाला मार लागला, गँगरीन झालं, पाय काढला, आणि १९९८ मध्ये खात्यानं अनफिट म्हणून घरी पाठवला. सरकारचं म्हणणं असं की याला रुग्णता पेन्शन, म्हणजे अनफिट ठरवून घरी पाठवल्यावरची पेन्शन, मिळतेय की, आता आणखी काय पाहिजे. कोर्टानं सांगितलं, पेन्शन मिळते म्हणून कायद्याचं संरक्षण जात नाही. तेव्हा १९९५ चा जुना कायदा होता, त्याचं कलम ४७, तेच पुढं नव्या कायद्यात कलम २० मध्ये आलं.

इथं माझंच एक सांगतो, इतकी वर्षं कुठं लिहिलं नव्हतं. मी एका सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर होतो. १९९८ ची गोष्ट, एका ड्रायव्हरचा पाय असाच गेला, आणि त्याचा राजीखुशीचा अर्ज मी टाइप केला, ‘माझी प्रकृती ठीक नसल्याने मी स्वेच्छेने’ वगैरे. कलम ४७ तेव्हा लागू होऊन दोन वर्षं झाली होती, मला पत्ताच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी शोधायलाही गेलो नव्हतो. साहेब म्हणाले प्रकरण मार्गी लावा, मी लावलं. त्यानं सही करताना पेन माझाच घेतला, शाई गळत होती, अर्जावर अंगठ्याएवढा डाग पडला, तर बिचारा मलाच विचारतो, ‘भाऊसाहेब, चालंल का, का दुसरा करू?’ त्याचं पोरगं तेव्हा सातवीत. त्या काळी रुग्णता निवृत्तीवर पोराला अनुकंपा मिळायची, पण पोरगं वयात येईस्तोवर २००५ उजाडलं आणि ती सोय बंद झाली. नंतर हा माणूस मला मार्केट यार्डात दिसला, एका अडत्याकडं कांद्याच्या पट्ट्या लिहायला. सकाळी सहाला काट्यापाशी बसायचा ते दुपारी दोनपर्यंत, अक्षर मोत्यासारखं. खात्यात टेबलावर बसून लिहायला हाच माणूस अनफिट होता बरं का.

म्हणून ताई, ‘पोराला लावून घेऊ’ हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात जातं. २२ ऑगस्ट २००५ च्या शासन निर्णयानं आजारपणामुळं अकाली रिटायर झालेल्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांची अनुकंपा काढून टाकलीय. जो माणूस हे सांगून गेला त्याला एकतर ठाऊक नाही नाहीतर ठाऊक असून बोलतोय, दोन्ही वाईटच.

आता करायचं काय. पहिलं, ड्युटी पास आणि स्टेशन डायरीतली बंदोबस्ताची नोंद यांच्या सहीशिक्क्याच्या नकला मिळवा, कारण अपघात ड्युटीच्या संबंधानं झाला हे पुढं सगळीकडं लागतं आणि डायऱ्या जुन्या झाल्या की गठ्ठ्यात जातात, मग कुणी शोधून देत नाही. दुसरं, रजा बघा. ड्युटीमुळं इजा झाली तर रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे, एका इजेसाठी जास्तीत जास्त २४ महिने, त्यातले पहिले १२० दिवस पूर्ण पगारी आणि पुढं अर्धपगारी, आणि ही रजा खात्यावरच्या अर्जित रजेतून जात नाही. बऱ्याच ठिकाणी बाबू लोक सवयीनं अर्जितच खर्ची टाकतात, मग माणूस म्हणतो रजा संपल्या आता काय करू, आणि तिथंच सहीला येतो. सेवापुस्तक मागून त्या पानावर काय लिहिलंय ते डोळ्यानं बघा.

तिसरं, टेम्पोवाल्याच्या विम्याकडनं भरपाई. हा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयातच चालतो, आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलीय. तुमचे साडेचार गेले! बाकी सगळं बाजूला ठेवून या आठवड्यात वकील गाठा. नोकरी टिकली तरी हा दावा करता येतो, दोन्हीचा एकमेकाशी संबंध नाही. शिवाय फेब्रुवारीच्या पगारातनं समूह वैयक्तिक अपघात विम्याची वर्गणी कापलेली असते, आणि पगाराचं खातं पोलीस पॅकेजमध्ये असेल तर बँकेचाही अपघात विमा असतो. पाय जाणं हे दोन्हीकडं अपंगत्वात बसतं का ते अटी वाचून बघा आणि कळवायची मुदत चुकवू नका.

चौथं म्हणजे मुख्य. रिटायरमेंटच्या अर्जाऐवजी घटक प्रमुखांच्या, म्हणजे एसपी किंवा पोलीस आयुक्तांच्या, नावानं दुसरा अर्ज द्या, कलम २० (४) चा उल्लेख करून, की मला बैठ्या पदावर सामावून घ्या. नुसतं ‘हलकी ड्युटी द्या’ एवढंच लिहू नका, जागा सुचवा. कंट्रोल रूम, बिनतारी, सीसीटीएनएस म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीचं कॉम्प्युटरचं काम, मुद्देमाल, पासपोर्टचं टेबल, सायबर, डायल ११२ चा प्रतिसाद, पायापेक्षा डोकं आणि अक्षर लागणारी कामं पोलिसात किती आहेत ते मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या, पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

मेडिकल बोर्डाला पाठवतील तेव्हा एक शब्द नीट बघा. बोर्डाचं सर्टिफिकेट दोन तऱ्हेचं निघतं, एकात माणूस कुठल्याही सेवेसाठी पूर्ण आणि कायमचा असमर्थ, दुसऱ्यात कमी श्रमाचं काम करू शकतो. नकली पायावर चालणारा माणूस दुसऱ्यातच बसतो, तर बोर्डासमोर जाताना ‘मला काहीच जमत नाही’ असं रडगाणं गाऊ नका. आपल्याकडं डॉक्टर दिसला की दुखणं वाढवून सांगायची सवय असते, इथं ती महागात जाते. आणि सिव्हिलमधनं काढायचं दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ही वेगळी गोष्ट, ते किती टक्के एवढंच सांगतं, नोकरीला फिट का अनफिट ते सांगत नाही. दोन्ही लागतात, गल्लत करू नका.

पैशाचंही सांगतो, म्हणजे मिस्टरांना पटेल. समजा मूळ पगार ४५ हजार. रुग्णता पेन्शन जास्तीत जास्त त्याच्या निम्मी, म्हणजे साडेबावीस हजार आणि त्यावर महागाई. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी दर सहा महिन्यांच्या सेवेला पाव पगार, १९ वर्षांच्या ३८ सहामाह्या, म्हणजे साडेनऊ महिन्यांचा. एकदम हातात येतो तेव्हा तो आकडा मोठा वाटतो हो, पण पोराचं कॉलेज आणि घराचा हप्ता त्यातनं काढून बघा. नोकरीत राहिले तर पूर्ण पगार आणि दर वर्षी इन्क्रिमेंट चालू. त्यातून भरती १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे एनपीएसवाले, नव्या पेन्शन योजनेतले. त्यांना आधी रुग्णता पेन्शन नव्हतीच, ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं ती लागू केली, पण पेन्शन घेतली तर एनपीएस खात्यातला सरकारनं भरलेला वाटा सरकारकडं परत जातो. खात्यावर आठ-दहा लाख दिसतात म्हणून ते सगळे आपले असं धरून चालू नका.

कीवेचं म्हणाल तर ताई, त्याला माझ्याकडं नियम नाही. एवढंच सुचवतो, पहिल्या दिवशी ड्युटीवर जाताना तुम्ही सोबत जाऊ नका, त्यांच्या बॅचचा एखादा दोस्त जाऊ दे.

प्रश्न : सर, आमच्या वडिलांकडनं असाच अर्ज लिहून घेतला, मंजूर पण झाला, त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही आता. आठ महिने झाले घरी आहेत. आता काही होतंय का का विषय संपला?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : संपला नाही. तुमच्यासारखीच केस सुप्रीम कोर्टात २००८ मध्ये झालीय, भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ. भगवान दास असिस्टंट लाइनमन, नोकरीत असताना आंधळा झाला, त्यानं स्वतःच पत्र दिलं की मला मोकळं करा आणि माझ्या बायकोला नोकरी द्या. मंडळानं मोकळं केलं, बायकोला काही दिलं नाही. कोर्ट म्हणालं, त्याला आपले हक्क ठाऊक नव्हते, पण मंडळाच्या अधिकाऱ्यांना तर कायदा ठाऊक असायला पाहिजे होता, तेव्हा त्याच्या पत्राचा आधार घेता येणार नाही. त्याला सेवेत धरून सगळे फायदे द्यायला लावले.

तेव्हा आता आधी घटक प्रमुखांना लेखी निवेदन, त्यात ही केस आणि कलम २० (४). एक प्रत खात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, या कायद्याच्या कलम २३ नं तसा अधिकारी नेमावाच लागतो, आणि एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना. पण कोर्टकचेरीचं घड्याळ चालूच आहे हे विसरू नका. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे मॅट म्हणतात, तिथं आदेशापासून एक वर्षाच्या आत जायचं असतं. तुमचे आठ महिने गेलेत, निवेदनाचं उत्तर येईल म्हणून हातावर हात ठेवून बसू नका, सोलापूर जिल्ह्याला मुंबईचं मॅट लागतं, तिकडं काम करणारा वकील आत्ताच बघून ठेवा. उशीर झाला तरी माफीचा अर्ज करता येतो पण ती पायरी येऊच नये.

प्रश्न : मी एसआरपी गट १० ला, सोरेगाव. गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलं, सर्टिफिकेट ३५ टक्क्यांचं आलंय. ऑफिसमध्ये म्हणतात ४० च्या खाली असेल तर काहीच नाही. खरं का?
— एक जवान

उत्तर : अर्धं खरं. ४० टक्क्यांची अट आरक्षणाला आणि बऱ्याच सवलतींना आहे. पण कलम २० (४) मध्ये ४० चा आकडा कुठंच नाही, तिथं ‘सेवेत असताना दिव्यांगत्व आलेला कर्मचारी’ एवढंच आहे. यूडीआयडी कार्डसुद्धा ४० च्या खालच्यांना निघतं, पांढऱ्या पट्टीचं. ४० पासून ८० च्या आत पिवळी, ८० आणि वर निळी. पांढरं म्हणून खिशात दडवून ठेवू नका, अर्जाला जोडा. आणि टक्के वाढवून देतो म्हणणारा कुणी गाठ पडला तर चार हात लांब राहा, खोटं सर्टिफिकेट सापडलं की आहे ती नोकरी जाते, वर गुन्हा.

प्रश्न : माझे यजमान पोलिसातनं रिटायर होऊन वारले, मला फॅमिली पेन्शन मिळते. मुलगा ३४ वर्षांचा, जन्मापासून मतिमंद, त्याला माझ्यामागं कोण? शेजारी म्हणतात मुलाचं वय उलटून गेलंय, त्याला आता काही मिळत नसतं.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : मावशी, शेजाऱ्यांचं ऐकू नका. वयाची अट धडधाकट पोरांना. जो दिव्यांगत्वामुळं स्वतः कमावू शकत नाही अशा मुलाला किंवा मुलीला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, तुमच्या पश्चात त्याचा नंबर लागतो. पण कागद तुम्ही असताना झालेले बरे. यजमान जिथनं रिटायर झाले त्या कार्यालयाला सर्टिफिकेट जोडून अर्ज द्या की मुलाचं नाव पेन्शनच्या कागदात घ्या, आणि कोषागारात एक प्रत. माणूस गेल्यावर मागं राहिलेल्या अशा पोराला घेऊन भाऊबंद ऑफिसचे उंबरे झिजवतात, तेव्हा कमावू शकत नाही हे सिद्ध करताना फार त्रास होतो.

दुसरं काम पालकत्वाचं. मतिमंद, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती कायदेशीर पालक नेमून देते. भाची, पुतण्या, ज्याच्यावर तुमचा जीव भरवसा ठेवतो त्याचं नाव द्या. मोठ्या घरचा म्हणून कुणाचं देऊ नका. मुलाच्या नावाचं बँक खातंही आत्ताच उघडा, तुमच्यासोबत जॉइंट चालतं.

प्रश्न : काका, माझ्या पप्पांची रुग्णता पेन्शन आहे, एकजण म्हणाला डिसॅबिलिटी पेन्शनला इन्कम टॅक्स नसतो. रिटर्न भरू का नको?
— एक विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर : ती माफी सैन्यातल्यांची बाळा, फौजेतनं अपंगत्वामुळं बाहेर पडलेल्यांची. पोलिसाची रुग्णता पेन्शन पगारासारखीच धरतात. मात्र जुन्या टॅक्स पद्धतीत राहिलात तर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाला ७५ हजारांची आणि ८० किंवा जास्तला सव्वा लाखाची वजावट आहे, नव्या पद्धतीत नाही. पप्पांची पेन्शन किती ते तू लिहिलंच नाहीस, तेव्हा दोन्ही पद्धतीनं हिशोब कागदावर मांडून बघ आणि मग रिटर्न भर.